शाळेची लायब्ररी उघडी ठेवा, मुलांना तिथे बसू द्या, बोलू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१५ ऑक्टोबर जवळ आला की शाळाशाळांमधून वाचन प्रेरणा दिनाची तयारी सुरू होते. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिवशी आपल्या राज्यात हा दिवस होतो आणि त्या दिवशी कपाटं उघडतात, पुस्तकं टेबलावर मांडली जातात, मुलं रांगेत बसून वाचतात, फोटो निघतात, ते ग्रुपवर जातात. मग सरकारचा महावाचन उत्सव आला की वाचलेल्या पुस्तकावर लिहून ते अपलोड करायचं. या उपक्रमांना माझा विरोध नाही, उलट वर्षातून एकदा का होईना सगळ्या शाळेला पुस्तकं दिसतात याचं मला बरंच वाटतं. पण दुसऱ्या दिवशी बऱ्याच शाळांमधून ती पुस्तकं परत कपाटात जातात आणि कपाटाला कुलूप लागतं, आणि त्याबद्दल कोणीच काही बोलत नाही म्हणून हे पत्र.

मी एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल आहे, बरीच वर्षं झाली. मला सांगायचंय ते एवढंच की शाळेची लायब्ररी ही मुलांना पुस्तक नको असतानाही यावंसं वाटेल अशी खोली पाहिजे. नुसतं बसायला, मैत्रिणीशी बोलायला, पावसात अडकलो म्हणून, डबा खाऊन झाला आणि ग्राउंडवर जायचं नाही म्हणून. वाचनाचं पुढचं पुढे बघता येतं, आधी मूल आत तर आलं पाहिजे ना.

मधल्या सुट्टीत सगळी मुलं खेळायला जातात असं आपण मोठी माणसं धरून चालतो पण तसं नसतं. दुसऱ्या गावाहून नवीन आलेला मुलगा असतो त्याला अजून कोणी टीममध्ये घेत नाही, एखादीचं पोट दुखत असतं आणि ती कोणाला सांगत नाही, एखाद्याला पळता येत नाही, एखाद्याचे आईवडील ऊसतोडीला गेलेले असतात आणि तो आजीजवळ राहतो आणि त्याला त्या दिवसांत कोणाशी बोलायचंच नसतं. ही मुलं व्हरांड्यातून हळूहळू फिरत फिरत आमच्या दारापाशी येऊन थांबतात. त्यांना जर तुम्ही विचारलंत "काय पाहिजे तुला?" तर ती निघून जातात कारण त्यांना काही पाहिजे नसतं आणि काही पाहिजे नसताना शाळेत कुठे थांबायची परवानगी असते असं त्यांनी कधी बघितलेलं नाही. "ये, बस" एवढंच म्हणायचं. काही दिवस ते मूल नुसतं बसतं, पंख्याकडे बघतं, दुसऱ्यांचं बोलणं ऐकतं, मग एखाद्या दिवशी शेजारच्याच्या पुस्तकातलं चित्र वाकून बघतं आणि मग तिथून पुढे आपल्याला फार काही करावं लागत नाही. काही मुलं तरीही वाचत नाहीत. तरी चालेल, ती तिथे निर्धास्त बसली हेसुद्धा शाळेनं केलेलं कामच आहे असं मी मानते.

आणि संध्याकाळचं तर विचारूच नका. तालुक्याच्या शाळेत निम्मी मुलं आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येतात. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास फुकट मिळतो, ही फार मोठी गोष्ट आहे, त्या पासमुळे किती मुली सातवीनंतर घरी बसल्या नाहीत हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. पण शाळा सुटते पाचला आणि गाडी लागते सहा-सव्वासहाला आणि कधी ती लागतच नाही, मग पुढची. तेवढा वेळ मुलींनी कुठे थांबायचं? स्टँडवर काय वातावरण असतं ते सगळ्यांना माहीत आहे, गाड्यांवरून चकरा मारणारी पोरं असतात, बसायला जागा नसते, बाथरूमचं तर नावच काढू नका. आमच्याकडे लायब्ररी शाळा सुटल्यावर गाडीच्या वेळेपर्यंत उघडी राहते, एक मॅडम आळीपाळीनं थांबतात आणि शिपाईकाका असतात. मुली येतात, दप्तरं एका कोपऱ्यात टाकतात, सतरंजीवर बसतात, गृहपाठ करतात, वेण्या घालतात, भांडतात, परत बोलायला लागतात. त्यातच कोणीतरी 'किशोर' मासिकाचा जुना अंक काढते आणि कोडी मोठ्यानं वाचायला लागते आणि सगळ्या उत्तरं ओरडतात. बालभारतीनं १९७१ पासूनचे किशोरचे अंक वेबसाइटवर फुकट ठेवलेत, शाळेच्या कॉम्प्युटरवर ते उघडून दिले तर मुली "हा आमच्या आईच्या वेळचा अंक" म्हणून वर्ष शोधून शोधून बघतात. गाडी आली की पाच मिनिटांत खोली रिकामी होते, आणि त्यातल्या दोघीतिघी तरी पुस्तक बॅगेत टाकून गेलेल्या असतात.

आता यावर मला जे नेहमी ऐकावं लागतं ते म्हणजे "मॅडम, लायब्ररी आहे की बाजार?" भिंतीवर 'शांतता राखा'ची पाटी असते आणि लायब्ररीचा आवाज बाहेर आला की ग्रंथपालाला काही जमत नाही असं समजतात. मला हे पटत नाही. मुलं सकाळपासून वर्गात गप्पच बसलेली असतात, हाताची घडी तोंडावर बोट करून. पुस्तक वाचल्यावर माणसाला त्याबद्दल कोणाला तरी सांगावंसं वाटतं, हे मोठ्यांचंसुद्धा असंच असतं, तर मुलांनी ते कुठे सांगायचं? वर्गात सांगायचं तर तास चालू असतो, घरी सांगायचं तर आईला स्वयंपाक असतो. "अगं ते वाच, त्यात शेवटी तो कुत्रा सापडतो" असं एका मुलीनं दुसरीला सांगणं आणि दुसरीनं "शेवट का सांगितलास" म्हणून चिडणं, यातूनच तर पुस्तकं हातोहात फिरतात, माझ्या सूचना फलकावरच्या यादीनं ती फिरत नाहीत हे मी खात्रीनं सांगते. ज्यांना खरंच शांत वाचायचंय त्यांच्यासाठी खिडकीकडची बाजू ठेवलीये, तिकडे बोलायचं नाही, हा नियम मुलांनीच केलाय आणि मुलंच पाळतात. दोन्ही एका खोलीत होतं, थोडी जुळवाजुळव करावी लागते एवढंच.

डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांचं नाव आम्हा ग्रंथपालांना पाठ असतं, १२ ऑगस्टला त्यांच्या जयंतीला आम्ही त्यांच्या फोटोला हार घालतो. ते आधी गणित शिकवायचे, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पहिलाच सिद्धांत, पुस्तकं वापरासाठी आहेत. आणि त्याचा अर्थ सांगताना ते लायब्ररी कुठे असावी, किती वेळ उघडी असावी, फर्निचर कसं असावं आणि तिथला माणूस कसा असावा इथपर्यंत जातात, युरोपात जुन्या काळी पुस्तकं साखळीनं बांधून ठेवायचे त्याचीही आठवण देतात. माझ्या मते आज आपल्या शाळांमधून साखळीच्या जागी गोदरेजचं कपाट आलंय, बाकी फारसं काही बदललेलं नाही. डी.लिब. हा ग्रंथालयाचा कोर्स करताना आम्ही सगळ्यांनी हे परीक्षेत लिहिलंय, मग शाळेत येऊन आपण किल्ली कमरेला का लावतो?

त्याचं कारण मला माहीत आहे आणि माझ्या सगळ्या ग्रंथपाल बंधुभगिनींनाही माहीत आहे. भीती. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार ही भीती. दाखल नोंदवहीत पुस्तकावर नंबर पडला की तो नंबर आयुष्यभर आपल्या मागे असतो, तपासणीत कमी भरलं की खुलासा, रिटायर होताना चार्ज देताना एकेक पुस्तक मोजून द्यायचं, माझ्या ओळखीत एका सरांना निवृत्तीच्या वेळी खिशातून पैसे भरावे लागलेत, आणि पुस्तकं कुठली तर मुलांनी वाचून वाचून फाटलेली गोष्टींची पुस्तकं. असं झाल्यावर कोण कपाट उघडं ठेवेल? ज्या शाळांमध्ये लायब्ररीयनच नाही आणि चार्ज एखाद्या शिक्षकाकडे दिलाय तिथे तर ते बिचारे पुस्तकाला हातच लावू देत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही.

म्हणून हे मुद्दाम सविस्तर लिहिते. केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम आहेत २०१७ चे, त्यात नियम २१५ ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या पडताळणीबद्दल आहे. त्यात सरळ म्हटलंय की वर्षभरात दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं हे वाजवी धरावं, फक्त त्यात कोणाचा अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांच्या वरचं किंवा दुर्मिळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी करायची. म्हणजे दिल्लीच्या हिशेबखात्याच्या माणसांनाही हे मान्य आहे की पुस्तकं वापरली तर थोडी हरवणारच! हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, आपल्या शाळांना तो आपोआप लागू होत नाही, पण आपल्या शिक्षण विभागानं याच धर्तीवर एक साधं परिपत्रक काढावं, की शाळेच्या ग्रंथालयात वर्षाला अमुक इतकी पुस्तकं हरवली किंवा फाटली तर मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवून ती निर्लेखित करावीत, म्हणजे नोंदीतून कमी करावीत, ग्रंथपालाकडून किंवा मुलाकडून वसुली करू नये. यासाठी सरकारला एक रुपयाही लागत नाही. माझं असं ठाम मत आहे की नवीन पुस्तकांच्या खरेदीपेक्षा या एका कागदानं जास्त कपाटं उघडतील.

पैशाचं म्हणाल तर तोही प्रश्न आहेच, नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या २००९ च्या परिशिष्टात लिहिलंय की पहिली ते आठवीच्या प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं असतील. केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकाराप्रमाणे वर्षाला पाच हजार ते वीस हजार असं अनुदान ठरलेलं आहे. पण पुस्तकं निवडतं कोण? पुष्कळदा गठ्ठाच येतो, थोर नेत्यांची चरित्रं, निबंधमाला, सामान्यज्ञान. चरित्रं पाहिजेतच, पण सहावीतल्या मुलाला भुताची गोष्ट पण पाहिजे आणि क्रिकेटचं पुस्तक पण पाहिजे आणि ज्याला नीट वाचता येत नाही त्याला मोठ्या चित्रांचं पातळ पुस्तक पाहिजे, आणि ते सातवी-आठवीतल्या मुलाला लाज न वाटता घेता आलं पाहिजे. आम्ही दाराजवळ एक वही टांगलीये, कोणतं पुस्तक पाहिजे ते मुलांनी लिहायचं, नाव माहीत नसेल तर "साप" किंवा "विमान कसं उडतं" एवढंच लिहिलं तरी चालतं. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर वेबसाइटवर मराठीत गोष्टी फुकट आहेत, त्या प्रिंट काढून पिन मारून ठेवल्या तरी मुलं आवडीनं नेतात आणि त्या हरवल्या तर कोणाला खुलासा द्यावा लागत नाही.

बसायला काय लागतं? खूप नाही. पहिलं म्हणजे ती ब्राऊन पेपरची कव्हरं काढायची. आपण पुस्तक टिकावं म्हणून सगळ्यांना एकसारखं खाकी कव्हर घालतो, पाठीवर नंबर टाकतो, आणि मग मुलाला कळतच नाही की यातलं वाघाचं कुठलं आणि विनोदी कुठलं. त्यापेक्षा पारदर्शक प्लॅस्टिक घाला आणि पुस्तकं उभी न लावता मुखपृष्ठ दिसेल अशी ठेवा, दोरीवर टांगा, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा, मुलांच्या हाताला येईल इतक्या उंचीवर. दुसरं म्हणजे लायब्ररी वरच्या मजल्यावरून खाली आणा, शक्यतो ग्राउंडच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या वाटेवर, येता जाता आत डोकं घालता येईल अशी. आमच्याकडे खाली आणल्यावर एक मुलगी पहिल्यांदा लायब्ररीत आली जी जिना चढू शकत नव्हती, ती पाचवीपासून आमच्या शाळेत होती. आणखी काय, एक बुद्धिबळ, एक कॅरम (त्याचा आवाज होतो हे खरंय पण शनिवारी चालतो), भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा, रोजचा पेपर, हात पुसायला एक फडकं कारण खिचडी खाऊन हात तसेच पुस्तकाला लागतात. पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार सुरू झालाय २०२४ पासून, दप्तर नसतं, त्या दिवशी एकेका वर्गाला तासाभरासाठी लायब्ररी पूर्ण सोपवून द्यायला काय हरकत आहे?

एक काळजी मात्र वाटते, ती पण लिहिते. अनेक गावांमधून सार्वजनिक वाचनालयांची अभ्यासिका झालीये. एमपीएससी, पोलीस भरती करणारी मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात, त्यांना घरी जागा नसते, त्यांची गरज खरी आहे, त्यांच्यासाठी अभ्यासिका असायलाच पाहिजे. पण एकदा अभ्यासिका झाली की तिथे कोणी कुजबुजलं तरी चालत नाही, मग लहान मुलं गेली की त्यांना बाहेर काढतात, म्हाताऱ्या माणसांना पेपरचं पान उलटायची चोरी होते. म्हणून शाळेच्या लायब्ररीत दहावीच्या जादा अभ्यासाचे वर्ग भरवायची कल्पना कोणी मांडली की मी विरोध करते. दहावीच्या मुलांना वर्ग आहेत, लॅब आहे, हॉल आहे. ही एक खोली परीक्षेपासून लांब राहू द्या.

आणि ही खोली फक्त विद्यार्थ्यांची तरी का असावी? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्पष्ट लिहिलंय की विशेषतः गावांमध्ये शाळेची ग्रंथालयं शाळेच्या वेळेनंतर गावातल्या लोकांसाठी उघडावीत आणि तिथे वाचकांचे गट जमावेत. हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव गायकवाड बडोद्याला दत्तक जाऊन तिथले महाराज झाले आणि १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली, बडोद्याच्या मुख्य ग्रंथालयात मुलांसाठी आणि बायकांसाठी वेगळी सोय केली, खेड्यांना लाकडी पेट्यांमधून पुस्तकं पाठवली. नाशिकच्याच कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' योजनेच्या पुस्तकपेट्या आज लांब लांब जातात. म्हणजे आपल्याकडे हे करून झालंय आणि होतंयही, शाळांनी फक्त दार उघडायचंय. आमच्या गावचा आठवडी बाजार असतो त्या दिवशी वाड्यांवरून आयाबाया बाजाराला येतात आणि पोरांना बरोबरच घेऊन जाऊ म्हणून शाळेच्या गेटबाहेर उन्हात थांबतात. एकदा त्यांना आत बोलावलं, पंख्याखाली बसा म्हटलं, पाणी दिलं. आता बाजाराच्या दिवशी आठदहा जणी असतातच. त्यातल्या एक आजी मुलांना जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखवतात आणि मुलं त्या वहीत उतरवून घेतात, ती वही आता आमच्या लायब्ररीतलं सगळ्यात जास्त मागणी असलेलं पुस्तक आहे, आणि तिला दाखल नंबर दिलाय मी रीतसर. ज्या आईला वाचता येत नाही ती मुलीकडून मासिकातली गोष्ट ऐकत बसते तेव्हा मुलगी किती सावकाश आणि नीट वाचते ते वर्गात कधी ऐकायला मिळत नाही.

हे सगळं करायला माणूस लागतो, आणि तिथे घोडं अडतं. शाळेचा पट हजाराच्या आत असला की पूर्णवेळ ग्रंथपाल मिळत नाही, अर्धवेळवर भागवायचं, आणि तो अर्धवेळही ऑफ तास, स्कॉलरशिपचे फॉर्म, आधार अपडेट, सरकारला भरून द्यायची यूडायसची शाळेची माहिती यात जातो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर ग्रंथपाल हे पदच नाही. आम्ही मुलांचं ग्रंथालय मंडळ केलंय, आठवी-नववीची मुलं मधल्या सुट्टीत देवघेव बघतात, नोंदी स्वतः करतात आणि माझ्यापेक्षा स्वच्छ अक्षरात करतात, पण मुलांवर किती टाकणार. शासनानं नवीन पदं द्यावीत ही मागणी आमच्या संघटना करतातच, मी इथे मुख्याध्यापकांना आणि संस्थाचालकांना एवढीच विनंती करते की जो ग्रंथपाल आहे त्याला रोज मधली सुट्टी आणि शाळा सुटल्यानंतरचा एक तास लायब्ररीतच राहू द्या, त्या वेळात दुसरं कुठलंही काम देऊ नका, आणि आत आवाज ऐकू आला तर रागावायच्या आधी एकदा येऊन बसा.

संपादक साहेब, आपल्या पेपरची मुलांची पुरवणी आमच्याकडे सगळ्यात आधी पळवली जाते. शिल्लक राहिलेले जुने अंक रद्दीत देण्याआधी आसपासच्या शाळांना देता आले तर बघा, एसटी पार्सलनं आले तरी आम्ही स्टँडवरून उचलून आणू. आणि ज्या शाळांनी कुलूप न लावता लायब्ररी चालवलीये तिथल्या शिक्षकांनी, ग्रंथपालांनी याच सदरात लिहावं अशी माझी विनंती आहे, विशेषतः हरवलेल्या पुस्तकांचं तुम्ही तपासणीच्या वेळी काय करता, ठराव कसा घेता, कोणाची सही लागते, हे नीट लिहा, कारण ते कळलं तर आमच्या तालुक्यातल्याच बऱ्याच शाळा सोमवारपासून कपाट उघडतील.

कळावे,
आपली नम्र,
एक अर्धवेळ ग्रंथपाल
(नाव व शाळेचं नाव कृपया छापू नये)